न झटकलेला पारा

श्रीरामपूरच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा भावानं माझी बॅग आत ठेवली आणि खाली उतरून खिडकीशी उभा राहिला. कंडक्टरनं घंटी मारली तसा तो म्हणाला, "तायडे, न्हाई जमलं तर सरळ निघून ये. अप्पांची खोली हाय तशी ठेवतो." मी मान हलवली. मांडीवरच्या पर्समध्ये, रुमालात गुंडाळलेला, आमच्या वडिलांचा, अप्पांचा, काचेचा थर्मामीटर होता.

मैत्रिणींनो, तुम्ही सगळ्या माझ्याबरोबर दवाखान्यात, वॉर्डात होतात, तुम्हाला सांगायला नको. तरी तुमच्या मुलींसाठी लिहिते, कारण त्यांनी तो पाहिला नसेल. काचेतला पारा तापाच्या आकड्यापर्यंत चढतो आणि कुणी झटकून उतरवेपर्यंत तिथंच थांबतो. अप्पा गेले त्या दुपारी तो एकशे दोनच्या थोडा वर थांबला होता. मी काच पुसली, रुमालात गुंडाळली. पारा उतरवला नाही.

अप्पांना अर्धांगवायू झाला तेव्हा मी वॉर्डची इन्चार्ज होते. भावाचं दुकान, त्याची लहान मुलं. माझं लग्न झालेलं नव्हतं. कुणी करायचं याची घरात चर्चाच झाली नाही. मी नोकरी सोडली. कूस बदलणं, पाठीला स्पिरिट आणि पावडर, शेवटी शेवटी नळीनं जेवण. वर्षानुवर्षं अंथरुणात असून त्यांच्या पाठीवर एक जखम झाली नाही. जीभ जड झाली होती, पण थट्टा सुटली नव्हती. थर्मामीटर हातात घेतला की म्हणायचे, "सिस्टरबाई, आधी पारा उतरव. न्हाईतर कालचा ताप आजच्याला लावशील."

दफन झालं, चर्चच्या मंडळीतली माणसं येऊन भेटून गेली, पाळकसाहेब प्रार्थना करून गेले. मग सकाळी उठून काय करायचं ते कळेना. भावाच्या घरात मला जागा होती, काम नव्हतं. माझ्या जुन्या जागेवर दुसरी आली होती आणि ती कामाला चांगली होती, हे मी स्वतः पाहिलं. म्हणून पुणे. तुमच्यातल्या काही जणी आखातात गेल्या, काही नाशिकला. मी तर जवळच गेले, असं मनाशी म्हणत होते.

पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "मधली वर्षं काय केलंत?"

"वडील आजारी होते. त्यांचं करत होते."

"म्हणजे घरीच होतात."

त्यांनी ते वाईट मनानं म्हटलं नव्हतं. सेवेत खंड पडलेला, नर्स म्हणून नोंदणीचं नूतनीकरण राहिलेलं. तरी त्यांनी मला एक दिवस वॉर्डात काम करून पाहायला सांगितलं. त्या दिवसावर मी खूप आशा ठेवली होती. पहिल्याच पेशंटपाशी तिथल्या तरुण सिस्टरनं डिजिटल थर्मामीटर हातात दिला, आणि मी दोन पावलं मागं सरून तो मनगटातून सणसणीत झटकला.

"अहो मॅडम, पडेल तो. त्यात पारा नसतो."

पेशंट हसला. ती हसली. मीही हसले. संध्याकाळी "कळवतो" म्हणाले. कळवलं नाही. नंतर आणखी दोन ठिकाणी गेले, पण दारातून आत जातानाच आपण मागं पडलोय हे ठाऊक असायचं.

शेवटी आजाऱ्यांसाठी घरी बाई पुरवणाऱ्या एका ब्यूरोनं कोथरूडच्या एका घरी पाठवलं. तिथल्या काकांना सांभाळायचं. मुलगा आणि सून दिवसभर ऑफिसात. सून म्हणाली, "मावशी, चपला बाहेर हं." दवाखान्यात मावशी कोण, हे तुम्हाला माहीत आहे. बेडपॅन देणाऱ्या, फरशी पुसणाऱ्या किती मावशींच्या हातचा चहा मी प्यायले आहे. त्या शब्दाचं मला वाईट वाटायला नको होतं. पण श्रीरामपुरात बाजारातली भाजीवालीसुद्धा "सलाम, सिस्टर" म्हणायची. मी सुनेला सांगितलं, मी स्टाफ नर्स होते.

"हो का? मग तर छानच झालं, मावशी."

पावसाळा संपता संपता भावाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "तायडे, अप्पांच्या खोलीत भाडेकरी ठेवला गं. नुसती बंदच हुती."

"बरं केलंस," मी म्हटलं. त्याचं चुकलं नव्हतं. मीच किती दिवस त्या खोलीच्या भरवशावर बसणार?

त्याच आठवड्यात दुपारी काकांचं कपाळ हाताला कढत लागलं. सून म्हणाली होती त्या कप्प्यात थर्मामीटर नव्हता. मुलाला फोन केला, तर तो म्हणाला, "मावशी, नक्की किती आहे ते सांगा, डॉक्टरांना कळवायचंय."

मी पर्स उघडली, रुमाल सोडला. काच स्वच्छ केली. पारा मी सोडला होता तिथंच होता, अप्पांच्या शेवटच्या दुपारी. श्रीरामपूरहून मी जे काही आणलं होतं, त्यातली हीच एक गोष्ट जशीच्या तशी राहिली होती. काका माझ्याकडं पाहत होते. त्यांना अंगात कापरं भरलं होतं, आणि कालचा ताप आजच्याला लावता येत नाही.

मी झटकला. पुन्हा एकदा झटकला. पारा खाली गेला.

"असं झटकणारं कुणी बऱ्याच वर्षांत पाहिलं नाही," काका कापऱ्या आवाजात म्हणाले. "तुम्ही सिस्टर का हो?"

"होते," मी म्हटलं, आणि थर्मामीटर त्यांच्या काखेत लावून हात अंगाशी धरून ठेवला.

घरी कधी येतेस, असं तुम्ही विचारता. नाताळला येईन, दफनभूमीत जाऊन येईन, भावाकडं जेवेन. पण घर म्हणून जे मी सोबत घेऊन फिरत होते, ते त्या दुपारी कामाला आलं. थोड्या वेळानं थर्मामीटर काढून खिडकीच्या उजेडात धरला. रेघ पुन्हा वर चढली होती, आणि ती अप्पांची नव्हती.