बाबांच्या नावाचा कॉम्प्युटर

बाबा गेल्यावर कित्येक महिने मी एकच काम करत होते. जिथे तिथे त्यांचं नाव काढून माझं लावायचं. सातबारा, विजेचं मीटर, गॅस. मी एकुलती एक, त्यामुळे मेहकरला तहसील कार्यालयात खेटे घालणंही माझ्याच वाट्याला आलं.

जानेफळच्या घरी दुपार मात्र बाबांचीच असे. आईची नजर अधू झाल्यापासून ते तिला पुस्तकं वाचून दाखवत, आणि आपण गावाला गेलो तर तिचा वेळ कसा जाईल म्हणून ते वाचन कॉम्प्युटरवर रेकॉर्डही करून ठेवत. आता जेवणं झाली की मी एखादी फाइल लावायची आणि आईने खुर्चीत डोळे मिटून बसायचं. बाबांच्या आवाजामागे तेव्हाच्या कुकरची शिट्टी, पान उलटल्याची सळसळ. फरशीवरचं ऊनही पेंगायला लागे. बाबा आतल्या खोलीतच आहेत असं मला खरंच वाटायचं.

एकदा अपडेट चालू असताना लाइट गेली आणि कॉम्प्युटर उठेचना. आतली लिनक्स सिस्टीम नव्याने टाकणं भाग होतं. बाबांनी फायलींचा कप्पा वेगळा ठेवला होता हे नशीब, कारण नक्कल काढून ठेवायची अक्कल मला सुचली नव्हती. जुनी सिस्टीम पुसायला लावली. फायलींच्या कप्प्यापुढे ‘फॉरमॅट’ची खूण नाही ना, ते चार वेळा पाहिलं. मग कॉम्प्युटरने वापरणाऱ्याचं नाव विचारलं. हाताला सवयच लागलेली, मी माझं टाकलं.

कॉम्प्युटर सुरू झाला तो कोरा. एक फाइल दिसेना.

“आवाज गेला का वं त्याईचा?” आईने डोळे न उघडताच विचारलं.

शोधत शोधत वरच्या फोल्डरात गेले. तिथे माझ्या नावाचं नवं फोल्डर होतं, आणि त्याला लागूनच बाबांच्या नावाचं, जसंच्या तसं भरलेलं. लिनक्सने मला फक्त शेजारी वेगळं घर दिलं होतं.

तिथूनही सगळं ऐकता आलं असतं. पण मी पहिल्यापासून पुन्हा सिस्टीम टाकली आणि या खेपेला नाव बाबांचं लिहिलं. एवढं एक तरी त्यांच्या नावावर राहू दे, म्हटलं.

संध्याकाळ व्हायच्या आत फाइल लावली. बाबा वाचत गेले, आणि मधेच थांबले.

“झोपली का वं?” त्यांनी विचारलं.

“नाही,” आई म्हणाली. “ऐकून राह्यली. तुमी वाचा.”