कॅमेऱ्यावरचा हात

बशीर गेल्याचा फोन आला तेव्हा ओतूरच्या आमच्या स्टुडिओत मी त्यानेच आदल्या दिवशी चित्रित केलेली एक दशक्रिया संगणकावर उघडून बसलो होतो. सकाळचे अकरा वाजले असतील. फोन त्याच्या मेहुण्याचा होता. "दत्ताभाऊ, बशीरभाई गेले... चहा पिता पिता." मी त्याच्यावरच खेकसलो, "अरे, काल तर घाटावर होता!" जणू काल घाटावर असलेल्या माणसाला आज मरता येत नाही. दुपारी त्याला माती देऊन परत आलो तर संगणक तसाच चालू होता.

आमची भागीदारी अठरा वर्षांची. चित्रण त्याचं, कापाकापी माझी. आधी लग्नं करायचो, मग दशक्रियाही आल्या. आमच्याकडे दहाव्याला गाव लोटतं. नदीचा घाट, प्रवचन, मग श्रद्धांजलीची भाषणं. मुंबईला नाहीतर दुबईला अडकलेल्या नातेवाइकांसाठी आम्ही ते यूट्यूबवर टाकू लागलो आणि बघता बघता ज्यांचा मेलेल्याशी काही संबंध नाही अशी माणसंही बघू लागली. मग जाहिराती आल्या, पैसे आले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. वाजंत्रीवालाही पोटासाठीच वाजवतो, असं मी म्हणायचो. बशीर म्हणायचा, "जाहिराती बंद कर, दत्ता. पिंडाच्या मधीच साबन इकतोय आपन." मी हसण्यावारी न्यायचो.

त्याची एक सवय होती. घरातली बाई रडायला लागली की तो डावा तळहात कॅमेऱ्याच्या भिंगावर ठेवायचा आणि स्वतः मान वळवून नदीकडे बघत राहायचा. पुढाऱ्यांच्या भाषणावर मात्र त्याने कधी हात ठेवला नाही. तिथे ठेवला असता तर लोकांनी दुवा दिला असता. मी एकदा वैतागून म्हणालो, "अरे, मग बटण बंद कर ना!" तो म्हणाला, "बटन बंद केल्यालं तिला कुठं दिसतं? हात दिसतो. मंग ती मोकळी रडती." पडदा काळा झाला की लोक व्हिडिओ सोडून जातात, हे मला आकड्यांत दिसायचं. म्हणून तो हात मी प्रत्येक वेळी कापून टाकायचो. मूळ चित्रण जागा अडवतं म्हणून तेही पुसायचो. इतकी वर्षं, न चुकता.

अवसरी बुद्रुकला एका तरण्या मुलाची दशक्रिया होती. मोटारसायकलवरून गेला होता पोरगा. त्या दिवशी दुसरा कॅमेरा माझ्या हातात होता. आईने हंबरडा फोडला तसा बशीरचा हात त्याच्या भिंगावर गेला, आणि मी माझा कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर नेला. तो तुकडा मी खाली करुण बासरी लावून वेगळा टाकला. लाखो लोकांनी पाहिला. पैसे आले तसा मी नवा कॅमेरा घेतला. बशीरने त्याला शेवटपर्यंत बोट लावलं नाही.

महिन्याभराने ती बाई स्टुडिओत आली. नारायणगावच्या जीपमध्ये कुणीतरी तिला विचारलं होतं, "मोबाईलमदली रडनारी बाई तुमीच का?" ती भांडली नाही. खुर्चीवर टेकून एवढंच म्हणाली, "माझ्या लेकराला मी रडले, ते माझं व्हतं. तुमी बाजारात न्हेलं." मी तोंड उघडणार तेवढ्यात बशीर तिच्यापुढे वाकला. "चुकलं आमचं, ताई." चूक माझी होती आणि तो "आमचं" म्हणाला... त्याच संध्याकाळी मी तो तुकडा काढून टाकला. पण तोवर कितीतरी जणांनी उतरवून घेतला होता. "आता काय ऱ्हायलं तुज्या हातात?" बशीर म्हणाला आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याची माफी मी कधी मागितलीच नाही. मागू कधीतरी, म्हणत राहिलो.

तो गेल्यावर तीन आठवड्यांनी त्याची मुलगी, निलोफर, मंचरहून आली. "काका, अम्मी इद्दतीत हाये, चार म्हैने घराभाईर येत न्हाई. फोटो लई हायेत, पन अब्बांचं हलतं-चालतं कायतरी बघायचंय म्हनती. तुमच्याकडं असंल ना?" असेल ना! गावोगावची माणसं जपून ठेवणाऱ्याचं स्वतःचं चित्रण नसेल कसं? मी सगळं धुंडाळलं. हजारो माणसं रडत होती, बोलत होती, जेवत होती. बशीर कुठेच नव्हता. तो नेहमी कॅमेऱ्याच्या मागे. पुढे यायचा तो फक्त त्याचा हात, आणि तो मी कापला होता. त्या पोरीसमोर मला रडू फुटलं.

मग आठवलं. ती शेवटची दशक्रिया. फोन आल्यापासून मी तिला हात लावला नव्हता. मुलगी शेजारी बसली आणि मी ती लावली. घाट दिसला, पिंडाभोवतीची माणसं दिसली, एका म्हातारीचा आवाज कापरा झाला. कडेने हात आला. क्षणभर तळव्याच्या रेघा, वाकडी करंगळी, आणि मग अंधार. पूर्ण अंधार नव्हे. उन्हामुळे बोटांच्या फटी लाल झाल्या होत्या. "अब्बांची करंगळी," निलोफर म्हणाली. हात जरासा हलत होता... श्वास घेताना माणूस हलतो तेवढाच.

ते चित्रण मी तिच्या मोबाईलवर दिलं. त्याच दुपारी चॅनेलवरच्या सगळ्या जाहिराती बंद केल्या. बशीर वर्षानुवर्षं सांगत होता ते काम पाच मिनिटांचं निघालं, आणि झालं म्हणून सांगायला तो नव्हता. म्हातारीच्या घरच्यांना विचारून ती दशक्रिया आहे तशी टाकली. खाली पहिलीच सूचना आली, "मधी एक मिनिट काळं झालंय राव, कट करा."

परवा निलोफरचा फोन आला होता. अम्मी रोज ते लावते म्हणाली. घाट, प्रवचन, सगळं पुढे सरकवते. काळं झालं की थांबते, आणि मोबाईलवर आपला तळहात ठेवते.