छपराचा माझा कोपरा

परवा बदनापूरला गच्चीवर कपडे वाळत घालताना कुणीतरी पेटवलेल्या बांधावरच्या गवताचा धूर नाकात शिरला आणि मी थेट परतूरकडच्या आमच्या शेतातल्या घरी पोचले.

लग्नानंतरचा तो पहिलाच उन्हाळा. पत्रे घालायची ऐपत नव्हती. सासूबाईंनी भिंतीला टेकवलेली सरपणाची पऱ्हाटी लांब नेऊन टाकली आणि माती, शेण, भुसा कालवून गवताचं छप्पर लिंपायला घेतलं. येणारेजाणारे हसायचे, "हे काय करून राह्यल्या मावशी? छप्पर कुणी लिंपतं का?" त्या लाजेनं मी माझ्या वाट्याला आलेला कोपरा कसाबसा उरकला.

आठवड्याभरात शेजारच्या बांधाची आग वाऱ्यानं आमच्याकडं वळली. ठिणग्या छपरावर पडल्या आणि मातीवरच विझल्या. फक्त माझ्या कोपऱ्यातलं गवत धुमसलं. सासूबाईंनी शिडी चढून त्यावर घागर ओतली.

त्या उतरल्या तेव्हा धावत आलेल्यांपैकी कुणीतरी विचारलं, "तिथंच कसं काय पेटलं वो, मावशी?"

"तिथं माती पुरली न्हाई मला," त्या म्हणाल्या, आणि उरलेल्या मातीचं घमेलं पायानं हळूच दाराआड सारलं.