आईच्या गाठीतल्या नारिंगी पेशी

मालवणी घरात जन्माला येऊन मला कोळंबी चालत नाही, हे आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत बरीच वर्षं कुणाला पटतच नव्हतं. पहिल्यांदा अंगावर पित्त उठलं तेव्हा मी चार-पाच वर्षांची असेन. पोटावर, मांड्यांवर, कानांच्या मागे लाल गांधी आल्या. आईने आमसुलं कुस्करून ते पाणी अंगाला चोळलं, मला गोधडीत गुंडाळलं, आणि दिवेलागणीपर्यंत सगळं उतरलं. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "चेडवाची प्रकृतीच पित्ताची आसा." तेवढ्यावर विषय मिटला.

कोळंबीशी त्याचा संबंध आईनेच लावला. तिला कुणी काही शिकवलं नव्हतं. तिने तीनदा पाहिलं, चौथ्यांदा माझ्या ताटात कोळंबीऐवजी अंडं आलं. माझं भांडं वेगळं झालं, पळी वेगळी झाली. सुट्टीत गावाला गेलं की चुलत्या हसायच्या. तरी आईचं लक्ष माझ्या ताटावरून हटायचं नाही.

मी अकरा वर्षांची असताना मात्र तिचं लक्ष चुकलं. वरच्या मजल्यावर साखरपुडा होता. दुपारच्या जेवणात बटाट्याची भजी होती, ती मी दोन-तीनच खाल्ली. त्याच तेलात आधी कोळंबी तळली होती हे नंतर कळलं. आधी ओठ जड झाले. मग हाक मारायला गेले तर माझा आवाज मलाच ओळखू येईना. श्वास आत जायचा, पण पुरत नव्हता. आईने मला उचललं आणि तीन मजले उतरली. अकरा वर्षांच्या पोरीला घेऊन ती कशी उतरली, हे तिलाही पुढे सांगता आलं नाही. टॅक्सीत मी तिच्या मांडीवर होते आणि तिचं पोट धापेने वरखाली होत होतं, एवढंच मला आठवतं.

हॉस्पिटलात मांडीत एक इंजेक्शन दिलं आणि थोड्याच वेळात गळा मोकळा झाला. कुणीतरी आतून दार उघडावं इतक्या सहज हवा आत आली. मी रडलेसुद्धा नाही, फक्त श्वास घेत राहिले.

तिथल्या डॉक्टरांनी आईला समजावलं, "बाई, कोळंबीत विष नव्हतं. हिच्या शरीराने तिला शत्रू समजलं आणि असा काही हल्ला केला की हिचाच गळा बंद झाला."

"म्हणजे हिचा शरीर कमजोर आसा?"

"उलट. जरा जास्तच तयारीचं आहे."

परतताना आई जिन्यात थांबून एकदम म्हणाली, "तुझा शरीर कोळंबीच्या तेलाक एवढा भियाला. खरोखरचा काय इला तर काय करतला?"

तिच्या त्या प्रश्नाने माझा पिच्छा सोडला नाही. कदाचित त्यामुळेच मी बीएस्सीनंतर लॅबचा कोर्स केला आणि दादरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागले. पहिल्याच आठवड्यात आमच्या सिनियर बाईंनी आम्हा नव्या मुलींना स्वतःचंच बोट टोचायला लावलं. रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरायचा, रंगवायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचा. बाकीच्या मुलींच्या काचेवर इओसिनोफिल नावाची पांढरी पेशी मोठ्या मुश्किलीने एखाददुसरी सापडत होती. माझ्या काचेवर मात्र जिकडे बघावं तिकडे त्याच होत्या. रंगवल्यावर नारिंगी दिसणाऱ्या दाण्यांनी गच्च भरलेल्या, मधे दोन भागांचं जांभळं केंद्रक. ऍलर्जी असलेल्यांच्या रक्तात त्या वाढतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण स्वतःच्या बोटातून आलेल्या थेंबात त्या बघताना मी दोनदा काचेवरचं नाव तपासलं. माझ्या नकळत, मी झोपेत असताना, परीक्षेला बसलेली असताना, आयुष्यभर या माझ्यात फिरत होत्या. आणि दिसायला इतक्या सुंदर होत्या.

आईचं सगळं माझ्या उलट होतं. धूळ, धूर, उटणं, शिळं, आंबट, तिला कशाचंच काही व्हायचं नाही. "माका कधी शिंक ठावक नाय," असं ती अभिमानाने सांगायची. तिला एकच सवय होती, मशेरी. तंबाखू तव्यावर काळीभोर भाजायची, कुटायची, आणि सकाळी उठल्याबरोबर ती हिरड्यांना लावून गॅलरीत बसायचं. दुपारी पुन्हा एकदा. लॅबमध्ये लागल्यावर मी तिच्याशी भांडले, डबी लपवली, दोनदा फेकूनही दिली. "दात बरे रवतत," एवढंच ती म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी नवी डबी यायची.

अडुसष्टाव्या वर्षी ती डाव्या बाजूने चावेनाशी झाली. मी बळेच तोंड उघडायला लावलं तेव्हा गालाच्या आत पांढरा चट्टा होता आणि त्याच्या मधोमध जखम. पुढचं सगळं परळच्या हॉस्पिटलात झालं. आतला गाल आणि जबड्याचा थोडा भाग काढला, मग किरणोपचार झाले. तोंड दोन बोटांएवढंच उघडायला लागलं. मशेरीची डबी तिने स्वतः माझ्या हातात दिली.

वर्षभर बरं गेलं. मग एका रविवारी तिच्या केसांना तेल लावताना माझ्या बोटांना तिच्या जबड्याखाली बोराएवढी गाठ लागली. टणक होती, जागची हलत नव्हती. मी तेल लावत राहिले. तिने मान न वळवता विचारलं, "गावली तुका? माका आठ दिवस झाले गावान."

गाठीचा तुकडा तपासला. कॅन्सर परत आला होता. त्या तुकड्याच्या काचपट्ट्या मी दुसऱ्या मतासाठी मागून घेतल्या आणि आमच्या लॅबमधल्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना दाखवल्या. त्यांच्याकडे दोघांना एकाच वेळी बघता येईल असा मायक्रोस्कोप आहे. त्या म्हणाल्या, "तुला नक्की बघायचंय? आईची आहे."

"बघायचंय," मी म्हटलं.

कॅन्सरच्या पेशी भोवऱ्यांसारख्या एकमेकींत वळलेल्या होत्या. तशा मी पूर्वीही बघितल्या होत्या. मग मॅडमनी काच जराशी सरकवली. गाठीच्या काठाला बारीक निळ्या ठिपक्यांची दाट रांग होती. लिम्फोसाइट, म्हणजे शरीराच्या लढणाऱ्या पेशी.

"बघ, त्या आल्यात. आईच्या शरीराला कळलंय."

"मग काही करत का नाहीत?"

"कॅन्सर त्यांना थांबवतो. त्यांच्या अंगावरच थांबायचं बटण असतं, नाहीतर त्या आपल्यालाच खातील. कॅन्सर नेमकं तेच दाबून धरतो."

मी बघत राहिले. आणि त्या निळ्या गर्दीत मला नारिंगी दिसलं. आधी रंगाचा डाग वाटला. मग दुसरी दिसली, मग तिसरी. दाण्यांनी भरलेल्या, दोन भागांच्या केंद्रकाच्या. कधी शिंकही ठाऊक नसलेल्या माझ्या आईच्या गाठीत इओसिनोफिल होत्या.

"या इथे काय करतायत?" माझा आवाज जरा मोठाच झाला असावा.

मॅडमनी डोळे वर केले. "तोंडाच्या कॅन्सरमध्ये असतात कधी कधी. कुणी म्हणतं त्या मदत करतात, कुणी म्हणतं उलट करतात. खरं सांगू? नीट कुणालाच माहीत नाही अजून."

इतकी वर्षं मी त्यांना माझ्या वेडेपणाच्या खुणा समजत होते, तेलाला घाबरलेल्या शरीराचा आततायीपणा. आणि इथे त्याच पेशी खऱ्या शत्रूच्या दारात उभ्या होत्या. जिन्यात थांबून आईने विचारलेला प्रश्न आठवला आणि मी डोळे पुन्हा भिंगाला लावले. मॅडमनी दिवा बंद केला नाही. मला हवं तेवढं बघू दिलं.

परळच्या डॉक्टर, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असतील, त्यांनी इम्युनोथेरपी सुचवली. दर तीन आठवड्यांनी शिरेतून औषध. "आजी, हे औषध कॅन्सरला मारत नाही," त्या आईला म्हणाल्या. "तुमच्याच पेशींना त्याने थांबवून ठेवलंय, त्यांना मोकळं करतं. सगळ्यांना लागू पडतं असं नाही. पण करून बघण्यासारखं आहे."

आईने नीट ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बोट दाखवून, शस्त्रक्रियेनंतर जड झालेल्या जिभेने तिने विचारलं, "मॅडम, ह्या माझ्या मुलीच्या पेशी तर लहानपणापासून मोकळ्याच आहेत. ऍलर्जी आहे तिला. मग तिला तर कॅन्सर होणार नाही ना?"

मी ओशाळले. स्वतःच्या गाठीबद्दल तिने एकही प्रश्न विचारला नव्हता.

डॉक्टर हसल्या नाहीत. "आजी, हा प्रश्न मोठमोठ्या लोकांना पडलाय. ऍलर्जीवाल्यांमध्ये काही कॅन्सर जरा कमी दिसतात, काही जास्तही दिसतात. ऍलर्जी म्हणजे कवच, असं मी नाही सांगू शकत. ताई मशेरी लावतात?"

"नाय! हात लावूक देवक नाय मी तिका कधी."

"मग ते तुम्ही जास्त मोठं काम केलंत."

दुसऱ्या डोसनंतर दहा-बारा दिवसांनी आई सकाळी पाठ दाराच्या चौकटीला घासताना दिसली. पोलकं वर करून बघितलं तर पाठभर, दंडांवर बारीक लाल पुरळ. मला ते एकदम ओळखीचं वाटलं. आईच्या अंगावर मी असं आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"गो, असा खाजता?" ती चकित होऊन म्हणाली. "तुका असा व्हायचा? आणि तू रडायची पण नाय?"

"रडायचे, आये. तूच विसरलीस."

तिने आमसुलं मागितली. मी आधी हॉस्पिटलला फोन लावला. डॉक्टरांनी फोटो मागवला, पुरळ सौम्य आहे म्हणाल्या, मलम आणि गोळी लिहून दिली. धाप लागली किंवा जुलाब झाले तर मात्र लगेच यायचं, असं दोनदा बजावलं. मोकळ्या झालेल्या पेशी फुप्फुसांवर, आतड्यांवरही उठू शकतात.

"ही ऍलर्जीच का?" मी विचारलं.

"तशी नाही. पण घराणं तेच. तुमच्यात जे कोळंबीवर उठतं, त्याच फौजेतली दुसरी तुकडी इथे त्वचेवर उठलीय."

"म्हणजे औषध लागू पडतंय?"

"काही पेशंटमध्ये पुरळ आणि गुण दोन्ही एकत्र दिसतात. पण पुरळ बघून मी तुम्हाला वचन देणार नाही. स्कॅन बघू."

त्या दुपारी मलम लावताना मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. कातडी गरम होती. त्या गरमपणाखाली कितीतरी पेशी जाग्या झाल्या होत्या, काहींची दिशा चुकली होती, काही कदाचित बरोबर वाटेने गाठीकडे चालल्या होत्या, आणि वरून मला फक्त लाल ठिपके दिसत होते. इतकी वर्षं लॅबमध्ये काढून मला शरीरातलं बरंच कळतं असं वाटायचं. त्या दिवशी मी एका मोठ्या, चालत्या-बोलत्या गावाच्या वेशीवर उभी असल्यासारखी होते, आणि त्या गावाला मी आई म्हणत होते.

स्कॅन एप्रिलमध्ये झाला. डॉक्टरांनी जुनं आणि नवं चित्र शेजारी शेजारी लावलं. बोराएवढी गाठ तांदळाच्या दाण्याएवढी राहिली होती. "गेली असं म्हणणार नाही मी," त्या म्हणाल्या. "पण मागे हटलीय. औषध चालू ठेवू." मग त्यांनी स्वतःच आईच्या जबड्याखाली बोटं फिरवली, पुन्हा फिरवली, आणि जराशा हसल्या. मला वाटतं, त्याही थक्क झाल्या होत्या. रोज बघूनही.

बाहेर आलो तर आई घराकडे वळेना. "लालबागेक जाऊया," म्हणाली. ऊन मी म्हणत होतं, तरी टॅक्सी करून आम्ही मिरच्यांच्या गल्लीत गेलो. दुकानांबाहेर पोती उघडी होती, आत कांडप यंत्रं धडधडत होती. तिखट तिच्या तोंडाला आता मुळीच चालत नाही. मऊ भात, पेज, फार तर सोलकढी. तरी तिने बेडगी मिरची मोडून बघितली, बी किती ते बघितलं, शंकेश्वरीच्या पोत्यात हात घातला, धणे हुंगले. दुकानदाराने विचारलं, "मसाला किती दिवसांचा करायचा, आजी?"

"वर्साचो," आई म्हणाली, आणि मिरच्या निवडायला खाली बसली.