भावसिंगच्या जीपचा गिअर

सोजराबाईचा आवाज मोठा होता, आणि तो कमी करावा असं तिला कधी वाटलं नाही. ती निंदायला बसली की तिचं बोलणं बांधापलीकडच्या बाईलाही ऐकू जायचं. नवरा लवकर गेला. मजुरी करून तिनं मुलगा वाढवला. आता नात आकांक्षा आठवीत होती. घरात आठवीचं पुस्तक हातात धरणारी ती पहिलीच. तिची शाळा सुटू द्यायची नाही, एवढं एकच सोजराबाईनं धरून ठेवलं होतं.

ही दोन हजार तीन-चार सालची गोष्ट. शाळा तालुक्याच्या गोरेगावच्या रस्त्याला, पायी जायचं म्हटलं तर लांब. बसची वेळ शाळेच्या वेळेशी जुळायची नाही. उरली भावसिंगची काळीपिवळी जीप. आपली जीप भरली असं भावसिंगनं कधी कबूलच केलं नाही. सीटवर माणसं, त्यांच्या मांडीवर माणसं, टपावर माणसं आणि शेळीसुद्धा. शाळेची लेकरं अर्ध्या तिकिटाची, म्हणून ती मागच्या पायरीवर दांडीला लोंबकळत. मागून दुसरी जीप दिसली, की पुढच्या फाट्याची माणसं ती उचलेल या भीतीनं भावसिंग गाडी अशी हाणायचा की बघणाऱ्याचा जीव खाली-वर व्हायचा. एवढी घाई कशाची? पुढं जाऊन पुन्हा हॉर्न वाजवत उभंच तर राहायचं असतं.

सोजराबाईनं एक दिवस त्याला फाट्यावर गाठलं. "माझी नात मागं लटकणार न्हाई. तिला म्होरं बसव."

भावसिंगनं मुकाट ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून आकांक्षा पुढच्या सीटवर, थेट त्याच्या शेजारी. पोरीला पुढची जागा मिळवून दिली म्हणून सोजराबाई गावभर सांगत फिरली.

मग एका संध्याकाळी जेवताना आकांक्षा म्हणाली, "आजी, मला गिअर टाकता येते."

पुढच्या सीटवर भावसिंग धरून पाच माणसं, त्यातलं एक त्याच्या उजव्या हाताला. तो बसायचा तिरपा, आणि गिअरपर्यंत त्याचा हातच पोचायचा नाही. क्लच दाबून तो म्हणायचा, "टाक दुसरा." पोरगी टाकायची. "आता चुकत न्हाई मी," असं ती कौतुकानं सांगत होती.

सोजराबाईला भावसिंगचा संताप आलाच, पण ही जागा आपणच भांडून मिळवली याचा त्याहून जास्त आला. आणि ओरडायचीही सोय नव्हती. ओट्यावर मुलगा रत्नपाल बसला होता. त्याला कळलं असतं तर तो एवढंच म्हणाला असता, की मग बसव तिला घरी. "बापाजवळ बोलू नको," ती हळूच म्हणाली.

सकाळी ती नातीबरोबर फाट्यावर गेली. आकांक्षा आपल्या जागेवर बसली. भावसिंग खाली उतरून माणसं कोंबत होता. सोजराबाईनं आत हात घालून चावी काढली आणि कनवटीला खोवली. "लटकलेली समदी लेकरं आत बसव, तवा चाबी भेटंल."

भावसिंगच्या आधी जीपमधली माणसंच बोलली.

"काहून खोळंबा करून राहिली, म्हातारे?"

"रोजच जातो आमी. काय झालं आजवर?"

पुढं खिडकीशी आकांक्षाचे वर्गशिक्षक बसले होते. ते रोज तिथंच बसत. गिअरचा सगळा प्रकार त्यांच्या डोळ्यांदेखत चालायचा. सोजराबाईनं मोठ्या आशेनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "बाई, प्रार्थना चुकेल. चावी देऊन टाका."

भावसिंग हसला. आत बसून त्यानं स्टिअरिंगखालच्या दोन तारा एकमेकींना लावल्या, आणि जीप सुरू झाली. सगळे खिदळले. सोजराबाईनं कशीबशी आकांक्षाला हाताला धरून खाली ओढलं. जीप धुरळा उडवत गेली, मागं लेकरं तशीच लोंबकळत.

दोघी पायी निघाल्या. शाळेत पोचल्या तेव्हा तास चालू होता. सरांनी पोरीला दारातच थांबवलं. "उशीर का झाला?"

हे त्यांनी विचारावं!

"उद्यापासून वेळेवर येणं होत नसेल तर घरीच ठेवा हिला," सर म्हणाले.

तिनं कनवटीची चावी काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. "या चाबीबिगर जीप चालते, ते तुमी बी पाहिलं. पर लेकराच्या हाताबिगर तिचा गिअर पडत न्हाई. उद्या त्या जागेवर तुमच्या पोरीला बसवा, गुरुजी. मंग मला उशिराचं इचारा."

सरांची मान खाली गेली. "आत ये," ते आकांक्षाला म्हणाले. सोजराबाई व्हरांड्यात बसून राहिली, पोरीला परत न्यायला.

शाळा सुटली. जीप आली. सर नेहमीसारखे खिडकीशी जाऊन बसले. भावसिंगच्या शेजारी आता सहावीतली सपना होती.

"टाक पहिला," भावसिंग म्हणाला, आणि सपनानं दोन्ही हातांनी दांडा ढकलला.

सोजराबाईनं आकांक्षाचा हात सोडला, तिला कडेला थांबायला सांगितलं आणि ती रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. भावसिंगनं हॉर्न वाजवला, आतली माणसं ओरडली. ती हलली नाही. शेवटी जीप थांबली. ब्रेक तरी त्याच्याच पायाखाली होता.