कॅमेऱ्याचं हळदीकुंकू

रायपुरात राहिलं की माणसाला सगळ्याची सवय होते. मे महिन्यातल्या उन्हाची होते, सिलतऱ्याच्या कारखान्यांतून येऊन दोरीवरचं पांढरं बनियन करडं करणाऱ्या धुळीची होते, मराठीत विचारलेल्या प्रश्नाला हिंदीत उत्तर देणाऱ्या स्वतःच्या मुलांचीही होते. पण बूढापाऱ्यातल्या आमच्या काकूंची सवय आजवर कोणालाही झालेली नाही. गेली नऊ वर्षं दर संक्रांतीला त्यांनी मला हादरवलं आहे आणि दर वेळी मी तितकाच बेसावध सापडलो आहे. ज्याला विजेचा धक्का बसतो तो निदान पुन्हा त्या बटणाला हात लावत नाही. मी मात्र दर वर्षी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून त्या बटणापाशी जाऊन बसतो.

काकू माझ्या नात्यातल्या नव्हेत. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे काका, यांचा बूढापाऱ्याच्या एका अरुंद गल्लीत फोटो स्टुडिओ होता. खाली स्टुडिओ आणि फोटो धुवायची काळी खोली, वर बिऱ्हाड. कॅमेरा कसा धरायचा हे मी तिथं शिकलो, आणि माझ्यासारखे आणखी बरेच जण शिकले. काका बोलायचे फार कमी. ‘हनुवटी खाली’ आणि ‘हलू नका’ एवढ्या दोन वाक्यांवर त्यांनी आयुष्य काढलं. उरलेलं सगळं बोलणं घरात काकूंकडे होतं. आणि त्या काळी रायपुरातल्या मराठी बायकांत काकूंचं संक्रांतीचं वाण गाजलेलं होतं. इतर बायका प्लास्टिकच्या डब्या आणि आरसे लुटायच्या. काकूंनी एका वर्षी गॅसच्या नळीला लावायच्या क्लिपा लुटल्या, आणि एका वर्षी तर प्रत्येक सवाष्णीच्या हातात हळदीकुंकू लावून उंदराचा एकेक पिंजरा दिला. भरजरी पैठण्या नेसलेल्या बायका पिंजरे सावरत रिक्षात चढताना मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. “वाण कसं पाह्यजे? स्वस्त अन् कामाचं,” काकू म्हणत. “शोभेचं वाण म्हणजे घरात आणलेला कचरा.”

मग काका गेले. वर्षश्राद्ध झालं, पुढची संक्रांत आली, आणि काकूंना कोणाकडूनच हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. त्यांच्याकडेही कोणी येणार नव्हतं. विधवेच्या हातचं वाण कोण घेणार? आपल्याकडे ही गोष्ट कोणी तोंडानं बोलत नाही, पण पाळतात सगळे. काकूंनी मात्र दिवाळीतच सवयीनं डझनभर वाण आणून ठेवलं होतं. एक दिवस मला फोन आला: “उद्या चारले ये. कॅमेरा घेऊन ये.” मला वाटलं, आधार कार्डाचा नाहीतर पेन्शनचा फोटो काढायचा असेल. गेलो तर सतरंजीवर रायपुरातले अकरा फोटोग्राफर मांडी घालून बसलेले, प्रत्येकाच्या मांडीवर कॅमेरा आणि तोंडावर माझ्यासारखाच प्रश्न. बारावा मी. काकू आतून तबक घेऊन आल्या. गुलाबपाणी शिंपडलं, अत्तर लावलं, आणि पहिल्या कॅमेऱ्याच्या लेन्सवरच्या टोपीला हळद आणि कुंकू लावलं. मिशीवाल्या बारा बाप्यांना घाम फुटला.

“काकू, हे काय करून राहिल्या?” कोणीतरी धीर करून विचारलं.

“वाण सवाष्णीले देतात ना? तुमचा कॅमेरा चालून राहिला, म्हणून तुम्ही सवाष्णी. ज्याचा कॅमेरा चालू, त्याले वाण. हा नियम. पुढच्या वर्षी कोणी बिना कॅमेऱ्याचा आला तर दारातून वापस पाठवीन.”

आम्ही या धक्क्यातून बाहेर येतो न येतो तोच त्यांनी जाहीर केलं की वाण घेण्याआधी प्रत्येकानं आपल्या कॅमेऱ्याचं नाव उखाण्यात घ्यायचं. लग्नात नवरीला ‘दीदी, थोडा मुस्कुराइए’ म्हणून छळणारे आम्ही, त्या दिवशी आमची पाळी होती. एकानं चक्क पदर नाही म्हणून रुमाल तोंडावर घेतला. मी माझ्या जुन्या कॅमेऱ्याला लाडानं ‘डब्बा’ म्हणायचो, तेव्हा मी ठोकून दिलं: “बूढातलावाच्या काठी बदकांचा थवा, डब्ब्याचं नाव घेतो, काकूंचा मान ठेवा.” काकूंनी पसंतीची मान हलवली. शंकर नगरातला एक जण उत्साहात म्हणाला, “आता काकू, तुमचं होऊन जाऊ द्या!”  काकू “तिळगूळ राहिला वाटते” म्हणत आत गेल्या, आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. तिळगूळ समोरच तबकात होता. त्यानंतर तो प्रश्न कोणी कधी विचारला नाही.

त्या वर्षीचं वाण होतं न्हाणीघरात डोक्याला घालायची प्लास्टिकची टोपी. गुलाबी, वर जांभळी फुलं. पावसात कॅमेऱ्यावर घालायला. आम्ही हसलो, घरी नेली आणि विसरलो. त्याच आषाढात एका वरातीत धो धो पाऊस आला आणि महागाची रेनकव्हरं घरी विसरून आलेले आम्ही दोघे फोटोग्राफर दोन गुलाबी टोप्या पुढे करून नवरदेवाच्या घोड्यापुढे चालत होतो. घोडाही जरा बिचकला होता. पण कॅमेरा कोरडा राहिला.

दुसऱ्या वर्षी पुडकं सोडलं आणि मी ते पटकन पुन्हा बांधलं. आत एनिमाचा रबरी फुगा होता. काकू शांतपणे म्हणाल्या, “दाबून पाह्य. कशी फुस्सकन हवा येते! लेन्सवरची धूळ उडवाले हेच पाह्यजे. दुकानात कॅमेऱ्याच्या नावानं दहापट भावानं विकून राहिले.” गोष्ट खरी होती. पण त्यांनी ते डझनावारी ज्या औषधाच्या दुकानातून घेतले, तिथल्या दुकानदारानं विचारलं होतं, “अम्माजी, बारह-बारह? किसके लिए?” आणि काकूंनी सांगितलं होतं, “हव, सब फोटोग्राफरों के लिए.” पुढे कितीतरी दिवस तो दुकानदार गळ्यात कॅमेरा असलेला माणूस दिसला की हळहळून पाणी विचारायचा.

मग आल्या धानाच्या पिशव्या. काकूंनी जुन्या परकरांच्या पिशव्या शिवल्या आणि छत्तीसगडात काय कमी म्हणून त्यात धान भरलं. भिंतीवर, गाडीच्या खिडकीवर ठेवायची आणि तिच्यावर कॅमेरा टेकवायचा, हात हलत नाही. कल्पना उत्तम होती. माझी पिशवी मी स्कूटरच्या डिकीत ठेवली आणि डिकीत पावसाचं पाणी जायचं. श्रावणात एक दिवस डिकी उघडली तर आत हिरवंगार रोप वर आलेलं. एवढंसं रोपटं पाहून मी रस्त्यात ओरडलो. तक्रार घेऊन गेलो तर काकूंनी पिशवी हातात घेऊन कौतुकानं कोंब कुरवाळले. “बियाणं चांगलं होतं म्हणून उगवलं. तुह्या लेन्सले फुटला का कधी कोंब?” त्यांनी ती पिशवी कुंडीत लावली.

पण सगळ्यात मोठी शरम मला शंकर नगरातल्या बुटांच्या दुकानात वाटली. लेन्सला ओल लागून बुरशी धरू नये म्हणून तिच्यापाशी त्या पांढऱ्या बारीक गोळ्यांच्या पुड्या ठेवाव्यात, हे काकूंना काकांकडून माहीत होतं. आणि त्या पुड्या बुटांच्या खोक्यात फुकट असतात, हे त्यांना त्यांच्या बुद्धीनं माहीत होतं. मला सोबत नेऊन त्यांनी दुकानात सात जोड काढायला लावले, एकही पायात घातला नाही, प्रत्येक खोक्यातली पुडी तेवढी काढून घेतली आणि उठल्या. “अरे अम्मा, जूता?” पोऱ्या नव्हे, खुद्द मालक विचारत होता. “जूता नहीं होना भैया, पुड़िया होना था,” काकू म्हणाल्या आणि त्याला तिळगूळ दिला. दुसऱ्या वर्षीपासून तो मालकच पुड्या साठवून ठेवायला लागला.

मराठी मंडळातल्या बायकांपर्यंत हे सगळं गेलंच. एक बाई मुद्दाम घरी येऊन सांगून गेल्या की पुरुषांना आणि यंत्रांना हळदीकुंकू शास्त्रात नाही. काकू म्हणाल्या, “शास्त्रात कॅमेराच नाही, तर त्याले मनाई कुठून राहील?”

असं सगळं मजेत चाललं होतं. फक्त सतरंजीवरची माणसं कमी होत होती. लोकांच्या हातात चांगले मोबाईल आले, बारशाला-मुंजीला फोटोग्राफर बोलावणं बंद झालं. एकानं धंदा सोडून मोबाईलच्या कव्हरांचं दुकान टाकलं, तेव्हापासून तो संक्रांतीला दिसला नाही. त्याचं नाव कोणी काढलं नाही. नियम नियम होता. आणि गेल्या पावसाळ्यात माझाही कॅमेरा गेला. मी तो विकला आणि सिलतऱ्याच्या एका कारखान्यात ट्रकचे गेटपास लिहायची नोकरी धरली. घरी बायकोला सांगितलं, मुलांना सांगितलं, शेजाऱ्यांनाही सांगितलं. काकूंना सांगायची हिंमत झाली नाही. खरं सांगायचं तर नोकरीची लाज नव्हती. काकू सतरंजीवरून उठवतील, याची भीती होती. वर्षातून एक दुपार मी अजून फोटोग्राफर होतो, आणि तीही जाणार होती.

संक्रांतीच्या आधी फोन आला: “चारले ये.” मी कॅमेऱ्याची बॅग खांद्याला लावून गेलो. वजन वाटावं म्हणून आत जेवणाचा डबा ठेवला. या वयात मी हे केलं, यावर माझाच विश्वास बसत नाही. सतरंजीवर आम्ही सात जण होतो. तबक माझ्यापुढे आलं. मी बॅग छातीशी धरून म्हणालो, “काकू, कॅमेरा जरा नाजूक झाला आहे, बॅगेवरच लावा कुंकू.”

काकूंनी बॅगेजवळ नाक नेलं. “कॅमेऱ्याले वांग्याच्या भाजीचा वास कवापासून येऊन राहिला रे?”

सगळे हसले. मी हसू शकलो नाही. मान खाली घालून मी उठायला लागलो.

“बस खाली.” काकूंचा आवाज मी इतका कठोर कधी ऐकला नव्हता. “दिवाळीच्या पहिलेपासून माहीत आहे मले. बूढापाऱ्यात कॅमेरा विकशील अन् मले समजणार नाही? मी वाट पाहून राहिली होती, कवा सांगतो म्हणून. अन् तो कव्हरवाला पोट्टा काहून येत नाही?”

“नियम आहे ना काकू. तुम्हीच म्हटलं होतं.”

“म्या गमतीत म्हटलं होतं. आळशी पोट्टे कॅमेरा घरी ठेवून येतील म्हणून म्हटलं होतं.” त्या खाली बसल्या.  “त्याले येऊ नको असं म्हटलं का मी? नाही म्हटलं. फक्त बोलावलं नाही. मलेही कोणी येऊ नको म्हटलं नव्हतं रे. फक्त बोलावलं नव्हतं.”

 काकूंनी माझा उजवा हात ओढून घेतला आणि पहिल्या बोटाला, कॅमेऱ्याचं बटण दाबायच्या बोटाला, हळद लावली आणि वर कुंकू. “हे तर विकलं नाही ना? आता नाव घे.”

“कोणाचं घेऊ काकू? तो तर गेला.”

“गेला म्हणून नाव जाते का?”

मला उखाणा सुचेना. तेव्हा काकूंनी स्वतःच पदर सावरला, जमिनीकडे पाहिलं, आणि दहा वर्षांत पहिल्यांदा, आमच्या समोर, उखाण्यात काकांचं नाव घेतलं: “काळ्या खोलीत लाल दिवा, पाण्यात उमटे छाया, यांचं नाव घेते, इतकी वर्षं गेली वाया.” प्रत्यक्षात ‘यांचं’ म्हटलं नाही, पूर्ण नाव घेतलं, ‘राव’ लावून, लग्नातल्या नवरीसारखं लाजून. ते मी इथं लिहीत नाही, ते त्यांचं आहे. काकूंनी मला दिलेले सगळे धक्के एकीकडे आणि हा एकीकडे. मिशीवाले सातही जण खाली पाहून आपापले डोळे पुसत होते.

पुसायला सोय होती. या वर्षीचं वाण होतं लेन्स पुसायचं कापड, काकांच्या मलमलच्या धोतरांचे चौकोन करून, कडा हातानं शिवलेले. मला दोन दिले. “एक तुह्या चष्म्याले. दुसरं त्या कव्हरवाल्याले नेऊन दे, अन् म्हण, काकूनं बोलावलं आहे.” मी संध्याकाळच्या आत जाऊन दिलं. तो ते कापड हातात घेऊन कितीतरी वेळ दुकानाच्या पायरीवर उभा होता.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या गेटवर एका ट्रकवाल्यानं विचारलं, “भैया, उंगली पे क्या हुआ?” मी म्हटलं, काही नाही, हळद आहे. तिसऱ्या दिवशी ती फिकट झाली, चौथ्या दिवशी नखाच्या कडेला तेवढी उरली. त्या आठवड्यात मी पेन डाव्या हातात धरून गेटपास लिहीत होतो आणि आंघोळ करताना ते एक बोट पाण्याबाहेर ठेवत होतो.