सकाळी सहाची हजेरी

रुग्णालयातून फोन आला तेव्हा मी तांदळाची पेज गाळत होते. मोनालीच्या तोंडाला चार दिवस चव नव्हती आणि आदल्या संध्याकाळी तिनं स्वतःहून सांगितलं होतं, उद्या पेज आणा, मीठ जरा जास्त घाला. त्यामुळे मी निर्धास्त होते. डेंग्यूचा ताप उतरलाही होता. ताप उतरल्यावरच खरं जपायचं असतं, हे मला नंतर कळलं... फोनवरच्या बाई मला विचारत होत्या, आपण नातेवाईक का? मी तिची घरमालकीण. तीन वर्षं भिंतीपलीकडच्या खोलीत राहणाऱ्या मुलीची मी नेमकी कोण, याचा विचार मी तोवर केला नव्हता. आणि त्या गोंधळात मनात आलं ते भलतंच, की मोनाली गेली हे उद्या सकाळी सहाला त्या सगळ्यांना कोण सांगणार?

मोनालीला हजारो मुलं ओळखत होती, पण वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचणाऱ्या माझ्या वयाच्या मंडळींनी तिचं नाव ऐकलं असण्याची शक्यता कमी, म्हणून सांगते. ती रोज सकाळी सहा वाजता टेबलापाशी बसून अभ्यास करायची आणि तो अभ्यास इंटरनेटवर लाइव्ह दिसायचा. पन्नास मिनिटं अभ्यास, दहा मिनिटं सुट्टी, असे चार तास. कॅमेऱ्यात दिसायचं काय, तर उघडं पुस्तक, तिचा उजवा हात आणि एक घड्याळ. चेहरा क्वचित, आवाज पहिली दोन मिनिटं सोडली तर नाहीच. आणि हे बघायला ठिकठिकाणची स्पर्धा परीक्षेची मुलं यायची, समोर फोन उभा करून आपापली पुस्तकं उघडायची. मी एका कॉलेजात तीस वर्षं ग्रंथपाल होते. लोकांना गप्प बसवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आणि इथे ही पोरगी नुसती बसते म्हणून माणसं आपण होऊन गप्प बसायची. मला हे कोडं सुटत नव्हतं, आणि न सुटलेलं कोडं मला पचत नाही.

ती माझ्याकडे आली तेव्हा परीक्षेची तयारी करते एवढंच बोलली होती. गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्यापासून बरंच आत. वडिलांची पिठाची गिरणी. कर्वेनगरात अशा मुली गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे मी जास्त चौकशी केली नाही. म्हणजे माझ्या मानानं केली नाही. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, गच्चीची किल्ली मागायची नाही, वगैरे माझे नियम तिनं निमूट ऐकून घेतले. तिसऱ्या दिवशी सकाळी दाराआडून तिचा आवाज आला. पुसद... आष्टी... नेर... लोणी काळभोर... मार्केट यार्ड... वसमत... एकसुरात, न थांबता. मला वाटलं, मुलीच्या डोक्यावर परिणाम झालाय किंवा कुठल्या तरी बुवाच्या नादी लागली आहे. मी दार ढकलून थेट आत गेले आणि विचारलं, हे काय चाललंय? तिनं ओठांवर बोट ठेवलं. तीस वर्षांत मला कोणी असं गप्प केलं नव्हतं. त्या दिवशी शेकडो लोकांनी माझं नाइटगाऊनचं टोक आणि एक दुखरा पाय पाहिला, हे मला दुपारी समजलं.

ती हजेरी होती. आलेल्यानं आपल्या गावाचं नाव लिहून पुढे 'हजर' लिहायचं आणि पहिली दोन मिनिटं तिनं ती गावं मोठ्यानं वाचायची, ही तिची पद्धत. माणसांची नावं वाचायची नाही. मी कारण विचारलं, तर म्हणाली की नाव वाचलं की माणसाला नापास झालेलं आठवतं, गाव वाचलं की घर आठवतं. सुरुवात कशी झाली तेही मी खोदून खोदून काढलं. पेठेतल्या ज्या अभ्यासिकेत ती बसायची ती बंद पडली. तेव्हाच्या खोलीत एकटीला डुलक्या यायच्या. कोणी तरी बघतंय असं वाटलं तर जाग राहील म्हणून तिनं फोन पुस्तकांना टेकवून चालू केला. पहिल्या दिवशी तिघं आले आणि त्यातली एक तिची धाकटी बहीण. वर्षभरात तिला लोक रस्त्यात ओळखायला लागले, तेही हातावरून! तिच्या उजव्या अंगठ्याजवळ भाजल्याचा डाग होता. एकदा लोणी काळभोरची एक मुलगी बस बदलत बदलत आमच्या दारात येऊन उभी राहिली. मोनाली घरात नव्हती. 'ताई हितंच बसत्यात व्हय?' तिनं विचारलं, टेबलाला हात लावून पाहिलं, पाणीसुद्धा न घेता परत गेली. मी तिला माझ्या खास आवाजात म्हटलं होतं की लाकडाचंच आहे, पण ती हसली नाही.

लग्नाचंही मी विचारलं होतंच. एक मुलगा होता, बरोबर अभ्यास करणारा. तो पास झाला, त्याला लांब नेमणूक मिळाली, आणि मग फोन कमी होत गेले. 'तो सुटला, मी राहिले,' एवढंच बोलून तिनं माझ्या भाजीत मीठ नसल्याचा विषय काढला. राग दिसला नाही. पण त्याच सुमारास तिचाही निकाल लागला, मुलाखतीपर्यंत जाऊन ती अगदी थोडक्यात हुकली, आणि त्यानंतर ती मला जरा वेगळी वाटायला लागली. कार्यक्रम चालूच होता, उलट बघणारे वाढले होते. वेगळं काय, ते सांगता येत नव्हतं.

शोध लागला तो माझ्या जुन्या सवयीमुळे. परत आलेलं पुस्तक किती वाचलं गेलंय, हे मी कडेवरून सांगू शकते. वाचलेल्या पानांच्या कडा मळतात. तिच्या टेबलावरच्या राज्यघटनेच्या जाडजूड पुस्तकाची कडा एका जागेपर्यंत मळकी होती आणि तिथून पुढे कोरी. मी आठवडाभर पाळत ठेवली. माझ्या फोनवर तिचा कार्यक्रम लावून बसायचे. रोज तेच पान. दोनशे चौदा, राज्यपालांचे अधिकार. आठव्या दिवशी चहा पिताना मी सरळ म्हटलं, मोनाली, तू वाचत नाहीस.

तिनं कप खाली ठेवला. 'फॉर्मच नाही भरला, काकू. मागच्या वेळचाही नाही.' मी विचारलं, मग चार तास करतेस काय? तर म्हणाली, 'गावं आठवते. कोण कुठं बसलं असंल. मार्केट यार्डातला तो गाळ्यामागं बसतो, ट्रक यायच्या आधी त्याला दीड तास मिळतो. मी नाही बसले तर तो झोपून राहील.' मग म्हणाली, 'त्यांना कळलं तर ते यायचे नाहीत. आणि बाबांना कळलं तर... ते गिरणीवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, पोरगी यंदा होते म्हणून.' मी दोघांनाही सांगून टाक म्हटलं. दिवाळीला घरी जाईन तेव्हा आधी बाबांना सांगते, मग मुलांना. तोवर तुम्ही बोलू नका, असं तिनं माझ्याकडून वचन घेतलं. मी ते पाळलं. खरं सांगायचं तर मला त्यात थोडा मोठेपणाही वाटत होता, की हजारो लोक रोज बघतात आणि कळलं एकटीला मला! ती दिवाळी आली तेव्हा तिनं ऐनवेळी जाणं टाळलं. मी रागावले नाही, तेव्हा रागवायला हवं होतं असं आता वाटतं. पुढच्या दिवाळीपर्यंत ती राहिली नाही.

तिला गावी नेलं. मी गुडघ्यांमुळे जाऊ शकले नाही. तीन आठवड्यांनी तिचे वडील, नामदेवराव, सामान न्यायला एकटेच आले. कमी बोलणारा, उंच माणूस. कपडे, भांडी बांधून झाली तरी ते खोलीतून हलेनात. मग म्हणाले, 'मॅडम, तिचं यंदाचं हॉल तिकीट असंल ना जी? तेवढं द्या मले. फोटोजवळ ठिवतो.' माझ्याकडे तिचं जुनं हॉल तिकीट होतं, एका पुस्तकात खुणेला घातलेलं. ते दिलं असतं तर त्यांनी तारीख पाहिलीही नसती कदाचित. पण तारखेच्या बाबतीत खोटं मला जमत नाही, आणि दिवाळीला त्यांना सांगायचं असं तिचंच ठरलं होतं. मी त्यांना बसवलं आणि सगळं सांगितलं.

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, 'मंग सकाळी उठून करे काय?' मी सांगून पाहिलं, त्यांना उमगेना. म्हणून म्हटलं, आज राहा, सकाळी दाखवते. दाखवण्यासारखं होतं. मोनाली दर रविवारी पुढच्या आठवड्याचे कार्यक्रम लॅपटॉपवर आधीच लावून ठेवायची. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम तसाच राहिला होता, सुरूच न झालेला, 'लवकरच' असं लिहिलेला. ती गेल्याचं तिच्या धाकट्या बहिणीकडून मुलांना कळलेलं होतं. तरी रोज सहाला ती मुलं त्या बंद दाराशी येत आणि गावाचं नाव लिहून 'हजर' लिहीत. मी रोज बघत होते, आणि कोणाला बोलले नव्हते.

सकाळी ते माझ्या आधी उठून, अंघोळ करून टेबलापाशी उभे होते. सहा वाजले. एकेक गाव येऊ लागलं. ते चष्मा लावून वाचत राहिले, बोट पडद्यावरून खाली नेत. मग वळून म्हणाले, 'तिनं परीक्षा सोडली ते या पोरायले ठाऊक नाई?' मी म्हटलं, नाही. 'मंग सांगा लागन. कोणाले असं फसवून ठिवाचं नाई.' मी त्यांची समजूत घालून पाहिली, आता काय उपयोग वगैरे. ते ऐकेनात. तिला ताप चढला त्या पहिल्या दिवशी ती पांघरूण घेऊन का होईना, टेबलापाशी बसली होती आणि लॅपटॉपवर कुठे दाबायचं ते तिनं मला शिकवलं होतं. तेवढ्या शिदोरीवर मी कार्यक्रम सुरू केला. जिथे तिचा हात असायचा तिथे नामदेवरावांचा हात दिसायला लागला, आणि पडद्यावर गावांची नावं यायची एकदम थांबली.

'मी मोनालीचा बाप,' ते म्हणाले. 'एक सांगाचं हाये. तिनं परीक्षा सोडून देल्ली होती. मलेबी कालच समजलं. ती इथं बसे, पण वाचत नव्हती. तिच्याकडून मी माफी मांगतो तुम्हाले.'

मग मार्केट यार्डवाल्याचं आलं, मी मोठ्यानं वाचलं: काका, माहीत होतं. पान २१४. त्याच्याखाली पुसद, २१४. वसमत, २१४. लोणी काळभोर, २१४. पडदाभर तोच आकडा खालून वर सरकत राहिला... आणि मी, पाळत ठेवून गुपित शोधणारी ग्रंथपाल, तोंड उघडं टाकून बघत राहिले. ज्यांना ते पान रोज चार तास दिसत होतं, त्यांना ते दिसलं नसेल असं आम्ही दोघी धरून चाललो होतो! नामदेवरावांनी कॅमेऱ्याला विचारलं, 'मंग तिले बोलले काऊन नाई?' नेरच्या कोणी तरी लिहिलं: बोललो असतो तर ताई आली नसती.

मी ते वाचलं आणि मला माझं वचन आठवलं. ती गप्प, ती मुलं गप्प, मी गप्प. प्रत्येकाला दुसरा जाईल याची भीती. कोणी एकानं तोंड उघडलं असतं तर तिला ते दीड वर्ष एवढं जड गेलं नसतं, असं मला वाटतं. तिनं मन मोकळं करून पुन्हा फॉर्म भरला असता किंवा गावी जाऊन सुखानं दुसरं काही केलं असतं. मला याचं फार वाईट वाटतं, आणि ते इथे लिहायचं म्हणूनच हा लेख. नामदेवरावांची परवानगी घेतली आहे.

त्यांनी पुस्तक मागितलं. मी दोनशे चौदावं पान काढून दिलं. ते सातवी शिकलेले. बोट ठेवून ओळ ओळ वाचू लागले आणि अडले की विचारायचे, हे विधेयक म्हंजे काय जी? याले नेमतं कोण? त्या शांत जागेत मग उत्तरांची झुंबड उडाली. कोणी सोपं करून सांगे, कोणी त्याची चूक काढे, कोणी गिरणीचंच उदाहरण देई, आणि मी वाचून वाचून घसा कोरडा करत होते. नामदेवराव प्रत्येक उत्तर नीट ऐकून, समजलं म्हणून मान हलवून मगच पुढच्या ओळीवर जायचे. मास्तर मिळालेल्या विद्यार्थ्यासारखे खूश दिसत होते. सात वाजून गेले, सुट्टी घ्यायची आम्हाला आठवण राहिली नाही. ते पानाच्या शेवटच्या ओळीला पोचले. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

'एवढंच होतं, मॅडम,' ते मला म्हणाले. 'घडीभराचं काम होतं तिचं.'

आणि आल्यापासून पहिल्यांदाच ते रडले. मी कार्यक्रम बंद करायला हात पुढे केला, तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं.